‘डू यू वॉक अ लॉट?’ : आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत चालण्याच्या सवयीविषयी कसे बोलावे

आयेल्ट्स (IELTS) ही परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या तोंडी परीक्षेत रोजच्या जगण्यातले विषय विचारले जातात आणि चालणे हा त्यांपैकीच एक विषय आहे. ‘तुम्ही खूप चालता का?’ हा प्रश्न कानावर पडला की मुंबईच्या बहुतेक उमेदवारांना हायसे वाटते, कारण स्टेशन गाठायला, बस पकडायला आणि भाजी आणायला आपण सगळेच चालतो. विषय सोपा असला तरी या प्रश्नाचे उत्तर देताना सवय सांगण्याची भाषा पणाला लागते. मराठीची सवय सांगण्याची रीत इंग्रजीहून वेगळी आहे, त्यामुळे चांगले इंग्रजी येणारी मंडळीही इथे पहिल्याच वाक्यात अडखळतात. दादरमध्ये मी या परीक्षेची तयारी करून घेते आणि त्याच त्या चार-पाच चुका दर तुकडीत ऐकते. त्या कशा टाळाव्यात आणि उत्तर कसे बांधावे, हे पायरीपायरीने सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत, कारण ही परीक्षा जिभेची आणि कानाची आहे. ती वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली तरच त्यांचा उपयोग होईल.

पहिली पायरी : परीक्षेचे स्वरूप समजून घ्यावे

तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात, म्हणजे 4 ते 5 मिनिटांत, परीक्षक आपले घर, गाव, नोकरी किंवा शिक्षण यांविषयी विचारून मग एक-दोन साध्या विषयांकडे वळतात. चालण्याचा विषय बहुधा इथेच येतो. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड दिले जाते, तयारीला 1 मिनिट मिळते आणि त्यानंतर 1 ते 2 मिनिटे एकट्याने बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयावर थोडी सखोल चर्चा 4 ते 5 मिनिटे चालते. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना सारखेच महत्त्व असते.

आपण रोज चालता की घरात बसून राहता, याला गुण नसतात, हे मनाशी पक्के करावे. ज्यांना चालायला आवडत नाही त्यांनी तसे खुशाल सांगावे. ‘टु बी ऑनेस्ट, आय हार्डली वॉक धीज डेज’ ही सुरुवात उत्तम आहे, मात्र पुढे कारण यायला हवे. तसेच पहिल्या भागात परीक्षकाने आपले बोलणे मध्येच थांबवले तर खचून जाऊ नये. त्यांना ठरावीक वेळेत ठरावीक प्रश्न संपवायचे असतात, आपल्या उत्तरात खोट होती असा त्याचा अर्थ नसतो.

दुसरी पायरी : आपली रोजची वाट आधी मराठीत मांडावी

प्रभादेवीला राहणारी आणि पश्चिम उपनगरातल्या एका रुग्णालयात परिचारिका असलेली एक विद्यार्थिनी परदेशी नोकरीसाठी ही परीक्षा देत होती. तुम्ही खूप चालता का, असे मी सरावात विचारले तेव्हा तिने एका दमात म्हटले, ‘वॉकिंग इज एक्स्ट्रीमली बेनिफिशियल फॉर अवर फिझिकल अँड मेंटल वेल-बीइंग.’ वाक्य निर्दोष होते, पण ते प्रश्नाचे उत्तर नव्हते. शिवाय पाठ केलेले वाक्य म्हणताना आवाजाची पट्टी बदलते आणि ते पाठ आहे हे अनुभवी परीक्षकाला लगेच कळते.

मग मी तिला इंग्रजी बाजूला ठेवून सकाळी घरातून निघाल्यापासूनचे सगळे मराठीत सांगायला लावले. प्रभादेवी स्टेशन घराजवळ असूनही ती दादरपर्यंत चालत जात होती, कारण प्रभादेवीला फास्ट गाड्या थांबत नाहीत. त्या चालण्यात वीस मिनिटे जात आणि शेवटचा टप्पा फुलबाजारातून असे. तिथे झेंडूच्या टोपल्यांवर सतत पाणी मारले जात असल्याने जमीन कायम ओली असते आणि त्यामुळे तिचे बूट रोज भिजत. हे सांगताना ती एकदाही अडखळली नाही. त्यातलेच आम्ही इंग्रजीत आणले : ‘येस, क्वाइट अ लॉट. आय वॉक टु दादर स्टेशन एव्हरी मॉर्निंग, बिकॉज द फास्ट ट्रेन्स डोन्ट स्टॉप ॲट प्रभादेवी. इट टेक्स मी अबाउट ट्वेंटी मिनिट्स, अँड द लास्ट बिट इज थ्रू द फ्लॉवर मार्केट, सो माय शूज आर ऑलवेज वेट.’

या उत्तरात एकही अवघड शब्द नाही. पण सवय आहे, कारण आहे, वेळ आहे आणि ‘बिकॉज’ व ‘सो’ यांनी वाक्ये एकमेकांत नीट गुंफली आहेत. भिजलेले बूट हा तपशील तर दुसऱ्या कुणाच्या उत्तरात येणार नाही.

आपणही एका कागदावर आपली वाट अशीच मराठीत लिहावी. कुठून निघतो, कुठे वळतो, काय दिसते, पाय कुठे अडतो, पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो, हे सगळे त्यात यावे. परीक्षेत जे बोलायचे आहे त्याचा कच्चा माल या कागदावरच मिळतो.

तिसरी पायरी : सवयीचे काळ

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे थांबू या.

मराठीत आपण ‘मी रोज चालतो’ असेही म्हणतो आणि ‘मी रोज चालत असतो’ असेही म्हणतो, आणि दोन्ही वाक्ये सवयच सांगतात. त्यातला ‘असतो’ इंग्रजीत उतरताना ‘ॲम’ होऊन बसतो आणि तोंडून ‘आय ॲम वॉकिंग डेली’ असे निघते. इंग्रजीत या वाक्याने सध्या काही दिवसांपुरते चाललेले काहीतरी सांगितल्यासारखे वाटते. कायमची सवय सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळच हवा : ‘आय वॉक एव्हरी डे.’ तृतीयपुरुषी एकवचनात क्रियापदाला ‘स’ लागतो हे शाळेत शिकलेले असूनही बोलण्याच्या भरात निसटते. म्हणून ‘माय फादर वॉक्स इन शिवाजी पार्क’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटले तरी चालेल.

दुसरा घोटाळा ‘पासून’ या शब्दाचा आहे. ‘2019 पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींत आपण एकच प्रत्यय वापरतो आणि क्रियापदही वर्तमानकाळात ठेवतो. त्याची सरळ नक्कल केली की ‘आय ॲम वॉकिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य तयार होते, आणि मी ते अक्षरशः प्रत्येक तुकडीत ऐकते. सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ आणि कालावधी सांगताना ‘फॉर’ असा फरक करावा आणि क्रियापद ‘हॅव बीन’ने सुरू करावे : ‘आय हॅव बीन वॉकिंग टु वर्क फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन वॉकिंग टु वर्क सिन्स 2019’.

तिसरी गोष्ट लहानपणाची. ‘लहानपणी तुम्ही शाळेत चालत जायचा का?’ हा प्रश्न आला तर मराठी माणसाने खरे तर खूश व्हावे, कारण आपल्याकडे यासाठी रीतिभूतकाळ अगदी तयार आहे. ‘जायचो’, ‘आणायचे’, ‘बसायची’ या रूपांच्या जागी इंग्रजीत ‘यूस्ट टु’ येते : ‘आय यूस्ट टु वॉक टु स्कूल विथ माय ग्रँडफादर.’ इथे उच्चार ‘यूझ्ड’ असा नसून ‘यूस्ट’ असा आहे. एकदा ‘यूस्ट टु’ने काळ ठरला की पुढच्या वाक्यांत ‘वुड’ वापरता येते : ‘ही वुड कॅरी माय बॅग, अँड वी वुड स्टॉप फॉर अ ग्लास ऑफ शुगरकेन ज्यूस.’ आजोबा दप्तर घ्यायचे आणि वाटेत उसाच्या रसासाठी थांबायचो, एवढ्या दोन कृतींत बालपण उभे राहते आणि व्याकरणाचा आवाकाही दिसतो. मात्र ‘वुड’ हे कृतीसाठी आहे. ‘आम्ही लालबागला राहायचो’ यासाठी ‘वी यूस्ट टु लिव्ह इन लालबाग’ असेच म्हणावे.

एका उत्तरात आज, गेली काही वर्षे आणि लहानपण हे तिन्ही काळ ओघाने आले, तर व्याकरणाचे निम्मे काम झाले असे मी मानते.

चौथी पायरी : ‘चालत जाणे’ एका शब्दात आणावे

मराठीत आपण ‘चालत जातो’, ‘चालत परत येतो’, ‘चालत ओलांडतो’. जाणे हे मुख्य क्रियापद आणि चालत ही त्याची रीत. त्यामुळे ‘आय गो बाय वॉकिंग’ किंवा ‘आय गो बाय वॉक’ असे तोंडात येते. इंग्रजीत ‘वॉक’ हेच मुख्य क्रियापद आणि दिशा सांगायला एक छोटा शब्द पुरतो : ‘आय वॉक टु द स्टेशन’, ‘आय वॉक बॅक’. ‘पायी’ असा वेगळा शब्द हवाच असेल तर ‘ऑन फुट’ म्हणावे. हवा खायला, मोकळे व्हायला जाणे, म्हणजे आपले ‘फिरायला जाणे’, हे ‘गो फॉर अ वॉक’ होते, ‘गो फॉर वॉकिंग’ नव्हे.

हे दिशादर्शक शब्द मुंबईच्या रस्त्यांवरच पक्के करता येतात. समुद्राच्या कडेकडेने जाणे म्हणजे ‘अलाँग द सी’, बाजारातून जाणे म्हणजे ‘थ्रू द मार्केट’, पुलावरून जाणे म्हणजे ‘ओव्हर द ब्रिज’, मैदान आडवे ओलांडणे म्हणजे ‘अक्रॉस द मैदान’. ओव्हल मैदान तर चर्चगेटकडे निघालेले लोक पायवाटेने असेच रोज ओलांडतात. ‘देवळावरून जातो’ याचे ‘आय गो फ्रॉम द टेम्पल’ होता कामा नये, कारण त्याचा अर्थ आपण देवळातून निघतो असा होतो. तिथे ‘आय वॉक पास्ट द टेम्पल’ हवे.

अंतर सांगतानाही एक गंमत आहे. ‘स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर आहे’ हे ‘इट्स अ टेन-मिनिट वॉक फ्रॉम माय हाउस’ असे सांगतात. इथे ‘मिनिट’ला ‘स’ लागत नाही.

पाचवी पायरी : चालण्याचे प्रकार आणि आपले शब्द

रमतगमत चालण्याला ‘स्ट्रोल’, भरभर चालण्याला ‘ब्रिस्क वॉक’, वाट फुटेल तिकडे भटकण्याला ‘वाँडर’, बराच वेळ बसून झाल्यावर पाय मोकळे करण्याला ‘स्ट्रेच माय लेग्ज’ आणि चालत जाण्याजोग्या अंतरावर असण्याला ‘विदिन वॉकिंग डिस्टन्स’, एवढे पाच प्रयोग सहज वापरता आले तरी पहिल्या भागाला पुरतात. यादी पन्नास शब्दांची करून पाठ करण्याचा मोह टाळावा.

आपला एखादा मराठी शब्द इंग्रजीत समजावून सांगणे मात्र फार उपयोगी पडते. शतपावली हा त्यासाठी सोन्यासारखा शब्द आहे : ‘आफ्टर डिनर माय मदर अँड आय टेक अ शॉर्ट स्ट्रोल. इन मराठी वी कॉल इट शतपावली, व्हिच मीन्स अ हंड्रेड स्टेप्स.’ नेमका प्रतिशब्द नसलेली गोष्ट दुसऱ्या शब्दांत समजावणे हे शब्दसंपत्तीच्या निकषात मुद्दाम पाहिले जाते, आणि इथे ते अगदी स्वाभाविकपणे साधते.

सहावी पायरी : तीन उच्चार

‘वॉक’ या शब्दात ‘ल’चा उच्चार होत नाही आणि स्वर लांब असतो. ‘वॉक’ आणि ‘वर्क’ हे दोन शब्द सारखे ऐकू आले तर ‘आय वॉक टु वर्क’ या वाक्याचा पार बोऱ्या वाजतो, म्हणून तेच वाक्य सरावाला घ्यावे. ‘वॉक’ला तोंड उभे गोल होते, तर ‘वर्क’ला ओठ सैल राहतात आणि जीभ तोंडाच्या मधोमध राहते.

मराठीत लिहिताना आपण ‘वॉक’ आणि ‘व्हॅन’ असा भेद करतो, पण बोलताना बहुतेक जण दोन्ही एकसारखेच उच्चारतात. ‘वॉक’मध्ये ओठांचा चंबू होतो आणि दात ओठांना लागत नाहीत, तर ‘व्हेरी’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर पाच मिनिटे पुरतात.

भूतकाळात ‘वॉक्ट’, ‘क्रॉस्ट’ असे एकाच झटक्यात म्हणावे. ‘वॉकेड’ असा उच्चार होत नाही. ‘स्टार्टेड’ किंवा ‘डिसायडेड’मध्ये उच्चाराचा एक जादा तुकडा येतो, कारण मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असतो.

सातवी पायरी : कार्ड हातात आल्यावर

दुसऱ्या भागात ‘तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या चालण्याविषयी सांगा’ अशा तऱ्हेचे कार्ड आले तर दोन मिनिटे बोलणे अनेकांना डोंगराएवढे वाटते. माझा सल्ला असा की मुद्दे शोधत बसू नये, वाटेनेच चालावे. मरीन ड्राइव्हचे उदाहरण घेऊ. नरिमन पॉइंटला सुरुवात केली तर आधी संध्याकाळी कचेऱ्यांतून बाहेर पडणारी गर्दी, मग कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसे, खाली लाटा अडवणारे काँक्रीटचे टेट्रापॉड, मध्यावर आल्यावर वळणाचा पूर्ण देखावा, अंधार पडताच लागणारे आणि ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणून ओळखले जाणारे दिवे, आणि शेवटी गिरगाव चौपाटीची भेळ. रस्ता ज्या क्रमाने जातो त्याच क्रमाने बोलले की सुसंगती आपोआप येते, आणि ‘ॲज यू गेट क्लोजर टु द चौपाटी’, ‘हाफवे अलाँग’, ‘बाय द टाइम इट गेट्स डार्क’ असे जोडशब्दही सहज सुचतात.

तयारीच्या 1 मिनिटात पूर्ण वाक्ये लिहू नयेत. वाटेवरच्या थांब्यांची पाच-सहा नावे आणि प्रत्येकासमोर एक शब्द एवढेच टिपावे. या कागदाला गुण नसतात, त्यामुळे तो मराठीत लिहिला तरी बिघडत नाही. शेवटची वीस सेकंद एका विशिष्ट दिवसाची आठवण सांगण्यासाठी राखून ठेवावीत, उदाहरणार्थ भरतीच्या वेळी लाट कट्ट्यावरून अंगावर आली तो जुलैचा दिवस. त्यामुळे सवयीच्या वर्तमानकाळातून साध्या भूतकाळात जाण्याची संधीही मिळते.

आठवी पायरी : तिसऱ्या भागातली चर्चा

इथे प्रश्न ‘तुम्ही’वरून ‘लोक’ आणि ‘शहरे’ यांकडे वळतात. शहरात लोक पूर्वीपेक्षा कमी का चालतात, सरकारने पादचाऱ्यांसाठी काय करावे, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. प्रश्नात गृहीत धरलेली गोष्ट पटत नसेल तर ती नम्रपणे खोडायलाही हरकत नाही : ‘आय ॲम नॉट शुअर दॅट्स ट्रू ऑफ मुंबई. मोस्ट पीपल हू टेक द ट्रेन हॅव टु वॉक ॲट बोथ एंड्स.’ मग कारणांकडे यावे. फुटपाथ अरुंद आहेत, त्यांवर दुचाक्या उभ्या असतात, म्हणून माणसे रस्त्यावरून चालतात. स्टेशनांबाहेर स्कायवॉक बांधले आहेत, पण जिने चढायला नको म्हणून ज्येष्ठ नागरिक ते टाळतात. ‘दे वर बिल्ट फॉर पेडेस्ट्रियन्स, बट एल्डर्ली पीपल फाइंड द स्टेअर्स डिफिकल्ट, सो दे स्टिल क्रॉस द रोड.’ एक कारण घेऊन ते उदाहरणाने शेवटास न्यावे. तीन कारणांची नुसती नावे घेण्यापेक्षा याला जास्त वजन येते.

पूर्वी आणि आता अशी तुलना आली, किंवा लोक आनंदासाठी लांब का चालतात असे विचारले, तर पंढरीची वारी आपल्या हाताशी आहे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचण्यासाठी सुमारे तीन आठवडे आधी निघते आणि लाखो वारकरी तिच्याबरोबर पायी जातात. ‘एव्हरी इयर हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स ऑफ पिलग्रिम्स वॉक टु पंढरपूर. इट टेक्स देम अबाउट थ्री वीक्स, अँड दे सिंग ऑल द वे.’ मुंबईतच शोधायचे तर सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाला चालत निघणारी तरुण मुले-मुली आहेत. ‘लाख’ हा शब्द मात्र परीक्षकाला कळेलच असे नाही, म्हणून ‘हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स’ म्हणण्याची सवय लावावी.

प्रश्न कळला नाही तर गप्प राहू नये. ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ असे विचारल्याने गुण जात नाहीत, आणि तिसऱ्या भागात प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडण्याची विनंतीही करता येते.

नववी पायरी : चालता चालताच सराव

या विषयाचा सराव खोलीत बसून करण्याऐवजी खऱ्या वाटेवर करावा. मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करून घरापासून स्टेशनपर्यंत जे दिसते ते हळू आवाजात इंग्रजीत सांगत जावे. इअरफोन लावलेले असले की कुणी वळूनही पाहत नाही, आपण फोनवर बोलत आहोत असेच लोकांना वाटते. घरी आल्यावर त्यातली फक्त दोन मिनिटे शब्दन् शब्द कागदावर उतरवावीत आणि तीन रंगांनी खुणा कराव्यात : एक ‘आय ॲम वॉकिंग’सारख्या काळाच्या चुकांना, एक दिशादर्शक शब्दांना आणि एक ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’सारख्या टेकूंना. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर पुन्हा बोलावे, मात्र आदल्या दिवशीची वाक्ये आठवून म्हणू नयेत. दोन आठवडे हा क्रम टिकला की कागदावरचे रंग कमी झालेले दिसतात.

त्या परिचारिकेने परीक्षेआधी मला ऐकवलेल्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे फुलवाल्यांचा ओरडा होता आणि तिच्या पहिल्याच वाक्यात जुनी चूक पुन्हा आली. ‘आय ॲम वॉकिंग... सॉरी, आय वॉक धिस वे एव्हरी मॉर्निंग,’ असे म्हणून ती न थांबता पुढे बोलत राहिली. मी तिला ते पुसायला सांगितले नाही, कारण परीक्षेतही चूक लक्षात आली तर ती इतक्याच साधेपणाने दुरुस्त करून पुढच्या वाक्याकडे जायचे असते.